जुन्या कॉर्व्हेटचे इंजिन अस्सल आहे का, हे कसे तपासावे

१९६७ ची शेवरोले कॉर्व्हेट विकायला निघाली आणि जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’ असे लिहिलेले असले, की किंमत बरीच चढते. कारखान्यात बसवलेले इंजिन आजही त्याच गाडीत आहे, असा हा दावा. १९७२ पूर्वीच्या कॉर्व्हेटच्या चेसिस नंबरावरून मूळ इंजिन कोणते होते हे कळतच नाही. त्यामुळे पुरावा ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर शोधावा लागतो. इथे ३२७ घनइंची, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे व्ही-८ इंजिन धरून चालू.

उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या पुढे (उजवे म्हणजे चालकाच्या आसनावरून पाहता) ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी असते. तिच्यावरचे तेल आणि काजळी कार्बोरेटर क्लीनर लावलेल्या मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. त्याने पुरावाच घासला जातो.

पट्टीवर दोन नंबर पंच केलेले दिसतील. समजा, पहिला ‘व्ही०२१४एचटी’ आहे. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२१४ म्हणजे १४ फेब्रुवारीला जुळणी, आणि एचटी हा ३५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा संकेत. दुसऱ्या नंबरात वर्षाचा ७ आणि पुढे चेसिस नंबरचे शेवटचे सहा आकडे असतात. तो सेंट लुईसच्या गाडी कारखान्यात, वेगळ्या हत्याराने मारला जाई. दोन्हींची अक्षरे हुबेहूब एकाच हातची वाटली, तर थांबा.

मग आरसा आणि टॉर्च घेऊन ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या आवरणाच्या) सांध्याशी पाहा. उजव्या बाजूला ओतकामाची उठावदार तारीख असते: ‘बी ३ ७’ म्हणजे ३ फेब्रुवारी १९६७. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. हा क्रम मोडला तर ब्लॉक त्या गाडीचा नाही. वर्षाचा आकडा एकच असल्याने ७ म्हणजे १९७७ ही असू शकते, म्हणून डाव्या बाजूचा, ब्लॉकचा प्रकार सांगणारा ओतकाम नंबरही पाहा. मात्र एकट्या त्या नंबरावर भिस्त नको. ३८९२६५७ हा ब्लॉक त्याच वर्षीच्या शेवरोलेच्याच कमारो गाडीतही बसे.

सर्वांत जास्त वेळ द्या तो पट्टीच्या पृष्ठभागाला. कारखान्यातल्या ब्रोचिंग यंत्राने धातू कापताना पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटत, आणि नंबर त्या रेघांवर मारला जाई. तिरपा प्रकाश टाकून भिंगातून पाहा. गोलाकार ओरखडे किंवा आरशासारखी गुळगुळीत पट्टी दिसली, तर पृष्ठभाग नंतर कापला गेला आहे. यात लबाडी असेलच असे नाही. इंजिन उघडल्यावर ब्लॉक फेसिंग केले, म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग यंत्रावर कापून सपाट केला, की रेघा आणि नंबर दोन्ही जातात. पण कापलेल्या पट्टीवर नंबर ठसठशीत उभा असेल, तर तो नंतर मारलेला आहे. माझ्या मते अशी गाडी सोडून द्यावी. जो नंबर खोटा मारतो, त्याच्या बाकीच्या कागदांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

ऑल्टरनेटर, वॉटर पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या तारखाही जुळवून पाहा. १९६७ च्या गाडीत पेट्रोल टाकीवर चिकटवलेला कारखान्याचा कागद टिकला असेल, तर त्यात मूळ इंजिनाची नोंद मिळते. तो वाचायला टाकी खाली उतरवावी लागते.

बदललेल्या इंजिनाची गाडी चालवायला काहीच वाईट नसते. फक्त तिची किंमत त्या हिशेबाने ठरवा, आणि इंजिन मूळचे की बदललेले, हे विक्रीच्या कागदावर विक्रेत्याकडून लिहून घ्या.