तयार टेम्पलेटवर छोटे वृत्तपत्र काढताना या चुका टाळा

संस्थेचे मुखपत्र, महाविद्यालयाचे त्रैमासिक किंवा एखाद्या परिसरापुरते निघणारे चार पानी पत्र काढणाऱ्यांकडे बहुधा स्वतंत्र मांडणीकार नसतो. अशा वेळी तयार टेम्पलेट घेणे सोयीचे ठरते, कारण स्तंभांची रुंदी, मथळ्यांची उतरंड आणि समास यांचा विचार कोणीतरी आधीच केलेला असतो. मात्र तो विचार वेगळ्या मजकुरासाठी, वेगळ्या कागदासाठी आणि पुष्कळदा वेगळ्या लिपीसाठी झालेला असतो. पुढे सांगितलेल्या जवळपास सर्व चुका याचा विसर पडल्यामुळे होतात.

चौकटीच्या मापाने बातमी ताणणे

टेम्पलेटच्या पहिल्या पानावर मुख्य बातमीला तीन स्तंभ, शेजारी मोठे छायाचित्र आणि खाली दोन लहान बातम्या अशी वाटणी ठरलेली असते. चौकट तीनशे शब्दांची आणि हाती आलेली बातमी दीडशे शब्दांची असली, की नवखा संपादक अक्षराचा आकार १० पॉइंटवरून १३ वर नेतो. शेजारची बातमी लांबली, तर तीच अक्षरे ८.५ पॉइंटवर आणून दोन ओळींमधले अंतरही आवळतो. प्रत्येक चौकट भरते खरी, पण एकाच पानावर मजकुराचे तीन-तीन आकार दिसू लागतात आणि पान घाईने जोडल्यासारखे वाटते.

यावरचा उपाय संगणक सुरू करण्याआधीचा आहे. अंकात जाणाऱ्या बातम्यांची यादी करून प्रत्येकीसमोर शब्दसंख्या आणि महत्त्वाचा क्रम लिहावा, मग कोऱ्या कागदावर पेन्सिलीने पानाची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, आखावी आणि त्यानंतरच तिला जवळचे असलेले टेम्पलेट शोधावे. आपल्या टंकात (फॉन्टमध्ये), आपल्या स्तंभाच्या रुंदीत दहा सेंटिमीटर उंचीला किती शब्द बसतात, हे एकदा मोजून ठेवले, तर बातमीदाराला लांबी आधीच सांगता येते. मजकूर कमी पडल्यास छायाचित्र मोठे करावे, एखादे बोलके वाक्य चौकटीत घ्यावे किंवा चौकटच लहान करून उरलेल्या जागेत दुसरी बातमी आणावी. मजकूर जास्त झाल्यास तो शेवटाकडून कापावा. अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. त्यासाठी परिच्छेदशैली, म्हणजे आकार आणि अंतर एकदाच ठरवून सगळीकडे लावणारी पॅराग्राफ स्टाइल, वापरावी. प्रत्येक चौकटीत हाताने बदल करत बसलेल्या माणसाला सहाव्या पानावर आपण पहिल्या पानावर काय ठरवले होते ते आठवत नाही.

छापखान्याला न विचारता आकार निवडणे

परदेशी टेम्पलेट अनेकदा ११ × १७ इंचांच्या टॅब्लॉइड आकारात असतात, म्हणजे साधारण २७९ × ४३२ मिलिमीटर. ए-३ कागद २९७ × ४२० मिलिमीटरचा असतो. फरक थोडा दिसतो, पण टॅब्लॉइडचे पान ए-३ वर जसेच्या तसे छापायला घेतले तर उंचीत बारा मिलिमीटर कमी पडतात आणि नेमकी पान क्रमांकाची ओळ कापली जाते. ए-४ चे टेम्पलेट ताणून ए-३ करणे त्याहून वाईट, कारण सर्वच गोष्टी सुमारे १४१ टक्के होतात आणि १० पॉइंटचा मजकूर १४ पॉइंटचा होऊन बसतो. कागदाचा आकार, कडेला सोडायची न छापली जाणारी जागा आणि पानांची संख्या हे आधी छापखान्यात विचारावे, त्या मापाची नवी फाइल उघडावी आणि टेम्पलेटमधील घटक तीत आणून बसवावेत.

मधोमध दुमडलेल्या एका कागदाची चार पाने होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत असावी. सहा पानी टेम्पलेट घेतल्यास दोन पानांचा एक सुटा कागद घालावा लागतो. आठ पानी अंकात ८ आणि १, २ आणि ७ अशी पाने शेजारी येतात. ही जुळणी छापखान्यावर सोपवावी आणि पाने सुटी, क्रमाने पाठवावीत.

रोमन लिपीचे अंतर देवनागरीला लावणे

बहुतेक टेम्पलेट रोमन अक्षरांसाठी आखलेले असतात आणि त्यांत ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के किंवा मथळ्यांमध्ये त्याहूनही कमी ठेवलेले असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीत ‘कुटुंबांना’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘विद्यार्थी’ हे शब्द आले, की वरचा उकार खालच्या रफारात घुसतो. पडद्यावर लहान आकारात हे लक्षात येत नाही, छापल्यावर मात्र तिथे काळा गोळा दिसतो. मजकुरासाठी १३० ते १४० टक्के अंतर ठेवून पाहावे आणि मथळ्यांची शैली वेगळी तपासावी.

वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला येणे आणि जोडाक्षरे तुटून हलन्त दिसणे ही दुसरी नेहमीची तक्रार. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये याचे कारण बहुधा टेम्पलेटच्या शैलीत असते. प्रत्येक परिच्छेदशैलीत वर्ल्ड-रेडी कम्पोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारा पर्याय) निवडल्यास अडचण सुटते. स्क्रायबस या दुसऱ्या मांडणी सॉफ्टवेअरच्या जुन्या १.४ मालिकेत अशा लिपींची जुळणी नीट होत नाही, म्हणून १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरावी. भाषेच्या पर्यायात ‘मराठी’ निवडायला विसरू नये, कारण अनेक युनिकोड टंकांमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्या निवडीनंतरच येतात.

जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात टाइप झालेली बातमी टेम्पलेटमध्ये टाकली आणि नवी शैली लावली, की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ती आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी आणि त्यानंतर ‘ऱ्या’, रफार आणि जोडाक्षरे यांवर नजर ठेवून पुन्हा वाचावी. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: मूळ टेम्पलेटमध्ये मजकूर दोन्ही कडांना समान जुळवलेला असतो, पण ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय नसेल, तर अरुंद स्तंभात मराठीच्या लांब शब्दांमुळे मध्ये पांढरी भगदाडे पडतात. तेथे मजकूर डावीकडे जुळवून उजवी कड मोकळी सोडणे मला अधिक बरे वाटते.

छायाचित्रे आणि रंग

टेम्पलेटसोबतचे नमुना छायाचित्र मोठे आणि स्वच्छ असते. आपल्याकडे आलेले मोबाइलवरून फिरत फिरत लहान झालेले असते. वृत्तपत्री कागदासाठी दर इंचाला सुमारे २०० पिक्सेल पुरतात. म्हणजे ८०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद छापता येते, पाच स्तंभी ए-३ पानावर दोन स्तंभांपुरते. तेच पहिल्या पानावर पाच स्तंभ ताणले, तर चेहरे ओळखू येत नाहीत. आडव्या चौकटीत उभे छायाचित्र कोंबताना माणसे बुटकी होतात किंवा समूहचित्रात मागच्या रांगेची डोकी उडतात (आणि नेमक्या त्याच माणसांचा दुसऱ्या दिवशी फोन येतो). चौकटीचा आकार चित्रानुसार बदलावा.

पडद्यासाठी केलेल्या टेम्पलेटमध्ये रंग आरजीबी पद्धतीचे, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे, असतात. त्यांचे छपाईच्या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, रूपांतर करताना मजकुराचा काळा रंग चारही शायांच्या मिश्रणात बदलतो आणि छपाईत प्लेट जराशी सरकली तरी अक्षरे धूसर होतात. मजकुरासाठी फक्त काळी शाई, १०० टक्के, एवढेच ठेवावे. वृत्तपत्री कागद शाई शोषतो, त्यामुळे एकूण शाई, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज, साधारण २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये आणि अंधारी छायाचित्रे आधीच थोडी उजळून घ्यावीत. रंगीत पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे टेम्पलेटमध्ये कितीही सुबक दिसली, तरी अशा कागदावर त्यांच्या रेषा भरून येतात.

शिल्लक राहिलेला नमुना

पानाच्या माथ्यावरची तारीख आणि अंक क्रमांक बहुधा मास्टर पानावर, म्हणजे सर्व पानांवर आपोआप येणारे घटक ठेवलेल्या मूळ पानावर, असतात, त्यामुळे साध्या पानावर शोधून ते सापडत नाहीत आणि मागील अंकाची तारीख तशीच छापली जाते. नमुना मजकूर, दुसऱ्याच छायाचित्राच्या ओळी आणि ‘पान ३ वर’ अशा सूचना एकेक करून तपासाव्यात. शेवटी टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, एक प्रत प्रत्यक्ष आकारात छापावी आणि मांडणीत ज्याचा हात नव्हता अशा माणसाला ती वाचायला द्यावी.