मूठ बघून तलवारीचं वय सांगू नका

जुन्या तलवारी, कट्यारी ओळखायला शिकायचंय म्हणणारी बरीच पोरं आता भेटतात, आणि खंडा, धोप, शमशेर, किलिज या तलवारींच्या प्रकारांतला फरक त्यांना फोटो बघून बघून माहीतच असतो, म्हणून ते मी परत सांगत बसत नाही. इराणी शमशेरीचं पातं अरुंद आणि टोकाकडे निमुळतं होत जातं, तुर्की किलिज टोकाजवळ रुंद होते आणि तिथे पाठीलाही धार असते, यातागान या तुर्की तलवारीला परजच (मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी) नसते, सुरुवातीला एवढं पाठ असलं तरी चालतंय. पण "इराणी आहे" हे सांगणं सोपं आणि "कधीची आहे" हे सांगणं अवघड, आणि नवीन माणूस अडकतो तो इथेच.

सगळ्यात मोठा सापळा मुठीचा. जरा सविस्तर सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि कळेपर्यंत फार वेळ गेला. आपल्याकडच्या तलवारीची लोखंडी मूठ आतून पोकळ असते. पात्याचं शेपूट त्यात जातं ते बहुतेक वेळा लाखेने किंवा राळेने बसवलेलं असतं. मूठ तापवली की लाख मऊ होते आणि पातं बाहेर येतं. म्हणजे मूठ बदलायला मोठा कारखाना लागत नाही, शेगडी पुरते. वापरातली तलवार असायची तेव्हाही मूठ मोडली की नवी, पातं मोडलं की दुसरं, असं चालायचं. 17व्या शतकात युरोपातली पाती, विशेषतः जर्मनीतल्या सोलिंगेनची, समुद्रामार्गे दख्खनमध्ये यायची आणि त्यांना आपल्याकडची मूठ बसवायची, म्हणूनच त्यांना फिरंग म्हणायचे. मोडलेल्या फिरंगीच्या पात्याची कट्यार केलेलीही सापडते. मग सांगा, अशा कट्यारीचं वय कुठलं धरायचं, पात्याचं की मुठीचं? दोन्ही वेगळं लिहायचं. पातं अमुक काळातलं, मूठ तमुक काळातली, म्यान (असलंच तर) त्याहून नंतरचं. तिघांची जन्मतारीख एकच असेल हे गृहीत धरूच नका.

हे बघायचं कसं? परजेच्या मधून पात्यावर उतरणारी ती दोन छोटी पानं असतात ना, तिथे भिंग लावा. पानाच्या कडेबाहेर पात्यावर दुसऱ्याच आकाराची फिकट सावली किंवा गंजाची रेघ दिसली की समजा आधी तिथे वेगळी मूठ होती. फटीत डोकावणारी लाख काळपट, सुकून तडकलेली असेल तर बरं, लालसर चकचकीत असेल किंवा आरपार दिसणारा एपॉक्सी असेल तर अलीकडे कुणीतरी हात घातलाय. हात घातला म्हणजे खोटीच असं नाही हां, घाबरू नका, दुरुस्ती म्हणूनही होतं. फक्त मुठीच्या नक्षीवरून पात्याचं शतक सांगायचं नाही, एवढंच.

दुसरं, पात्यावरची नावं. इराणचा बादशहा शाह अब्बास पहिला (1588 ते 1629) याच्या काळातला म्हणून प्रसिद्ध असलेला तलवारी घडवणारा असदुल्ला इस्फहानी, त्याचं नाव इतक्या पात्यांवर आहे की ती सगळी एका माणसाने घडवणं शक्यच नाही. नंतरच्या काळात इराणमध्ये आणि हिंदुस्थानातही ते नाव उत्तम पोलादाची खूण म्हणून घातलं गेलं. कुणी तुम्हाला "ओरिजिनल असदुल्ला" म्हणून किंमत सांगितली तर सरळ उठून या. नाव शेवटी वाचायचं, आधी पोलाद बघायचं, वक्रता बघायची, मुठीकडून टोकाकडे पातं जाडीला कमी होत जातंय का ते बोटाने बघायचं. नव्या शोभेच्या तलवारींचं पातं बऱ्याचदा पट्टी कापल्यासारखं सगळीकडे सारख्याच जाडीचं असतं. पाठीवर मोल (कारखानदाराचं नाव) आणि बर्मिंगहॅम असं ठोकलेलं असलं तर तो इंग्रजांच्या काळातल्या हिंदुस्थानी घोडदळासाठीचा माल, 19व्या शतकातला.

साल असेल तर बहुतेक हिजरी. 0.97 ने गुणायचं आणि 622 मिळवायचे, वर्षभर इकडेतिकडे होतं पण काम भागतं. अरबी-फारसी आकडे मात्र स्वतः शिका, एका संध्याकाळचं काम आहे, त्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणं मला अजिबात पटत नाही. आपल्या डोळ्याला गोल म्हणजे शून्य ही सवय, आणि तिथे शून्य म्हणजे ठिपका आणि गोल म्हणजे पाच. 1255 च्या जागी 1200 वाचलं की 1839 ची तलवार 1786 ची होते. टिपू सुलतानाच्या काळातली वस्तू असेल तर अजून सांभाळा, त्याने मौलूदी नावाचा स्वतःचा वेगळा सन चालू केला होता आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. अक्षरांसाठी मात्र फारसी येणारा जाणकार गाठाच. आपल्या सोलापुरात उर्दू वाचणारे भरपूर आहेत, पण पात्यावरची वळणदार फारसी नुसत्या उर्दूवर सुटेलच असं नाही.

आणि प्रत्येक साल हे घडवल्याचंच असतं असंही नाही. चेन्नईला जाणारी आपली गाडी रायचूरच्या पुढे अदोनीवरून जाते बघा. 1689 च्या सुमारास मुघल फौजेतले बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांनी ते जिंकलं आणि तिथली हत्यारं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. त्यांच्यावर ठिपके ठोकून काढलेली देवनागरी अक्षरं असतात. ती नोंद शस्त्रागाराची, लोहाराची नाही, हत्यार त्याच्या आधीच घडलेलं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. खंडेनवमीच्या आधी घरातली तलवार सँडपेपरने घासू नका. वर्षानुवर्षं बसलेला तपकिरी काळपट थर हाच तर पुरावा असतो, आणि तो गेला की खोट्या गंजाशी तुलना करायला काही उरत नाही. ॲसिडने आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो, जुना गंज खोलगट जागी दाट आणि हात लागतो तिथे पातळ असतो. कोफ्तगरीचं, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेल्या तारेच्या नक्षीचं सोनं तर घासलं की जातंच. ते झिजलंय तिथे भिंगातून उभ्याआडव्या बारीक रेघा दिसतात, सोन्याची तार धरून ठेवायला कारागिराने लोखंड तसं खरवडलेलं असतं. पूजा करा, हळदकुंकू वाहा, पण नंतर मऊ कापडाने पुसून शिलाई मशीनचं तेल लावा.

गुरू कोण करायचा? माझं मत विचाराल तर विकणाऱ्याला गुरू करू नका, माणूस चांगला असला तरी. आणि फोटोवर एका मिनिटात शतक सांगणाऱ्यालाही नको. जो हातात तलवार देतो आणि "तुला काय दिसतंय" विचारून गप्प बसतो त्याच्या मागे लागा. तसा कुणी नसेल तरी हरकत नाही. अक्कलकोटचं राजवाड्यातलं शस्त्रागार आपल्या इतकं जवळ आहे, विजापूरला गोल घुमटाच्या नगारखान्यातलं म्युझियम आहे, हैदराबादला सालारजंग आहे. एकाच कपाटासमोर अर्धा दिवस उभं राहा, चाळीस कपाटं पळत बघण्यापेक्षा ते बरं. सुरुवातीला सगळ्या मुठी सारख्याच दिसतात, सगळ्यांना दिसतात, चिकाटी ठेवली की त्या आपोआप वेगळ्या दिसायला लागतात.

आणि कायदा. 100 वर्षांपुढची अशी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, तिचा धंदा करायला लायसन लागतं आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्याशिवाय तलवार म्हणून 1959 चा शस्त्र कायदा आहेच, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी वकिलाला किंवा पोलीस ठाण्यात विचारून घ्या, नंतर नाही.

कुणाला दाखवायची असेल तर फोटो नीट काढा: पूर्ण तलवार शेजारी पट्टी ठेवून, मुठीचा माथा वरून, परजेचा जोड दोन्ही बाजूंनी, पात्याची पाठ, आणि शिक्का किंवा अक्षरं असतील तर खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कारण फ्लॅश मारला की ठोकलेली अक्षरं सपाट होतात आणि समोरच्याला काहीच वाचता येत नाही.