पल्पच्या ऑर्डरी दोनदा पडत होत्या, त्याचा बंदोबस्त

रत्नागिरीत आमचा हापूस पल्पचा कारखाना. मुंबईची विक्री टीम ऑर्डर सीआरएममध्ये (ग्राहक आणि विक्रीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकते, उत्पादन आणि साठा ईआरपीत (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर). दोन्ही एपीआयने, म्हणजे सॉफ्टवेअरनी आपसात माहिती देण्याघेण्याच्या सोयीने, जोडल्यावर पावसाळ्यात एकच ऑर्डर दोनदा दिसू लागली. लॉग पाहिल्यावर उलगडा झाला. ईआरपीत ऑर्डर पडायची, पण तेवढ्यात लाइन गेल्याने सीआरएमला उत्तर मिळायचं नाही. मग ते तीच ऑर्डर पुन्हा पाठवायचं.

आता सीआरएमचा ऑर्डर नंबर ईआरपीत स्वतंत्र रकान्यात ठेवतो, त्यावर युनिकची अट, म्हणजे एक नंबर दोनदा नोंदता येत नाही. तोच नंबर परत आला की नवी ऑर्डर न करता जुनीचाच क्रमांक उत्तरात जातो. दुबार नोंदी थांबल्या.

दोन्हीकडचे ग्राहक नावावरून जुळवू नका; १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) धरा. मात्र एकाच क्रमांकावर राज्यात अनेक गोदामं असतात, म्हणून जोडीला डिलिव्हरी पत्त्याचा कोड हवाच.

विक्री पेट्यांत बोलते, कारखाना किलोत. ३.१ किलोचे ६ डबे, म्हणजे पेटीला १८.६ किलो, हे रूपांतर ईआरपीच्या आयटम मास्टरमध्येच (मालाच्या मूळ यादीत) ठेवलं.

आणि साठ्याचा आकडा फक्त ईआरपीकडून सीआरएमकडे जाऊ द्या, उलट कधीच नाही. हंगाम सरला की पल्प नव्याने बनत नाही. नसलेला माल कबूल केला तर पुढच्या एप्रिलपर्यंत ग्राहकाला काय सांगणार?