पहाटे चारला व्हॅन चालू झाली नाही तर आधी काय बघायचं

मुलुंडला माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि 2008 ची ओम्नी आहे, पेट्रोल अधिक सीएनजी. पहाटे चारला दादरला भाजी भरायला निघावं लागतं. त्या वेळी गॅरेजवाले झोपलेले असतात, म्हणून तिची दुखणी ओळखायला मीच शिकले.

चावी फिरवली की आधी कान द्या. भराभर टकटकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, म्हणजे करंट पुरत नाही. एकच ठसठशीत 'टक्' आणि दिवे तसेच, म्हणजे बहुतेक सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर. दिवे नीट पण काहीच आवाज नाही, तर फ्यूज किंवा इग्निशन स्विच. सेल्फ छान फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल नाहीतर स्पार्क पोचत नाहीये.

टकटकीवर माझे साडेसहा हजार गेले. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, बॅटरी गेली." बदलली. आठवड्यानं पुन्हा टकटक. "आता सेल्फ." तोही झाला. दुखणं निघालं अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या पट्टीत. बॉडीला जिथे ती बोल्टने कसलेली असते, तिथे पावसाळ्यात गंज चढला होता. आता मी नवं काही घेण्याआधी एवढंच करते: जंपर केबलची एक वायर घ्यायची, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पंखा, बेल्ट आणि पेट्रोलच्या नळीपासून वायर लांब ठेवायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि मग चावी. सेल्फ जोरात फिरला तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष. पट्टी सोडायची, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करायच्या, घट्ट कसायचं, वरून व्हॅसलीन. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. तो आमच्या धंद्यात घरचाच. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

साधा मीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आकडा चढतच नसेल तर बेल्ट बघा, मग बॅटरी चार्ज करणारा डायनामो.

तापणं. ओम्नीत इंजिन सीटखाली, त्यामुळे तापमानाच्या काट्याच्या आधी आपल्यालाच कळतं. सिग्नलला तापते आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला सुटली की उतरते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये: फ्यूज, रिले, मोटर, याच क्रमाने. पळतानाही तापते तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला रेडिएटर किंवा पाण्याचा पंप. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, आणि डिपस्टिकवर (इंजिनचं तेल मोजायच्या पट्टीवर) तेल दुधाळ दिसतंय, तर गाडी हलवू नका, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या जोडातलं सील, गेलेलं असू शकतं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. उकळतं पाणी अंगावर उडतं.

गॅसवर धक्के मारते, पेट्रोलवर ठीक चालते? आधी स्पार्क प्लग बदला. गॅसला ठिणगी जोरदार लागते, म्हणून थकलेला प्लग गॅसवरच आधी उघडा पडतो. मग गॅसचा फिल्टर, मग ट्यूनिंग. टाकीत पेट्रोल मात्र पाव भाग तरी ठेवा. टाकीतला पेट्रोलचा पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, कुठल्याही बटणाला हात नाही. सिलिंडरची तपासणी दर 3 वर्षांनी, हे चुकवू नका.

सायनच्या पुढे किंग्ज सर्कलला आणि हिंदमाताला पाणी साचतं हे मुंबईकराला सांगायला नको. अर्ध्या चाकावर पाणी दिसलं की मी गाडी वळवते. पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करा.

सरकतं दार अडकलं तर ग्रीस फासू नका, त्यात धूळ बसून आणखी घट्ट होतं. रुळातली माती जुन्या ब्रशने काढा, सिलिकॉन स्प्रे मारा, तरीही नाही तर रोलर. दाराखालची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर पत्रा आतून सडतो. गिअर टाकून सुटताना मागून 'खट्' आला तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा.

पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. मी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये लावते आणि चाकाखाली लाकडाची पाचर सारते. ब्रेकचं पेडल दाबून ठेवल्यावर ते हळूहळू खाली बसत गेलं, तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर. तिथे मी स्वतः हात घालत नाही. त्या दिवशी भाजी टेम्पोने येते.