बैठकीआधीचा तो सात मिनिटांचा फोन

अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांत रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या बैठका (ज्याचं नुकसान झालं तो आणि ज्यानं केलं तो समोरासमोर बसून ते कसं भरून काढायचं हे ठरवतात त्या) आणि समाजातले कार्यक्रम जुळवून आणणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं काम तुम्हाला मिळालं असेल, तर अभिनंदन नंतर करते. खुर्च्या गोलात मांडणं, प्रत्येकाला बोलू देणं, शेवटी करार लिहून घेणं हे प्रशिक्षणात शिकवतात आणि दोन-तीन बैठकांत जमतंही. माझा पाय घसरला तो बैठकीच्या आधी, फोनवर.

माझी चौथी केस होती. १६ वर्षांचा मुलगा, मोबाइलची चोरी. मुलानं कबुली दिलेली, वकिलाशी त्याचं बोलणं झालेलं, रेफरलचे, म्हणजे केस आमच्याकडे पाठवल्याचे, कागद चोख. मुलाला मी चार वेळा भेटले, त्याच्या आईला दोन वेळा. खाली मान घालून बसलास तरी चालेल, पण ऐकू येईल असं बोल, इथवर त्याची तयारी करून घेतली. ज्या बाईंचा मोबाइल गेला होता त्यांना मात्र एक फोन केला. नंतर नोंद पाहिली तर सात मिनिटांचा. त्यात मी म्हणाले, "मुलाला पश्चात्ताप झालाय, तुमचं नुकसान भरून द्यायला तो तयार आहे." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "भरून देणार? मग येते मी." किती समजूतदार बाई, असं मला वाटलं.

बैठकीत मुलगा चांगला बोलला. त्याची आई रडली. मी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य जुळवायला लागले होते. तेवढ्यात बाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, मुलापुढे धरला आणि विचारलं, "फोटो यात देशील का?"

त्या मोबाइलमध्ये त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते. मुलानं तो पहिल्याच रात्री फॉरमॅट करून विकला होता. हे मुलाला माहीत होतं, पोलिसांच्या कागदात होतं, मीही वाचलं होतं. खोलीत एकट्या बाईंनाच माहीत नव्हतं. नुकसान भरून देणं म्हणजे माझ्या लेखी हप्त्यानं पैसे आणि त्यांच्या लेखी फोटो.

बैठक मोडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये ठेवला, करारावर सही केली आणि निघाल्या. मुलगा "काकू" म्हणत दारापर्यंत गेला, त्या थांबल्या नाहीत. फाइलवर शेरा आहे, "यशस्वी".

आता हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. हे कार्यक्रम बहुधा मुलांच्या विभागातून सुरू होतात. फाइल मुलाच्या नावानं उघडते, अहवालात मुलं मोजतात, आणि मुलांची कणव असलेली माणसंच या नोकरीसाठी अर्ज करतात. त्यामुळे ज्याचं नुकसान झालं तो माणूस नकळत मुलाला सुधारण्याचं साधन होऊन बसतो. तुम्ही कितीही भले असा, हे तुमच्याही हातून होणार. म्हणून माझा नियम असा: ज्यांचं नुकसान झालं त्यांना प्रत्यक्ष भेटायचं, ते म्हणतील तिथे, निदान दोनदा. काय गेलं हे विचारून थांबायचं नाही, त्यात काय होतं हेही विचारायचं. मुलाला कोणता प्रश्न विचारायचाय? काय ऐकलं तर सहन होणार नाही? बैठकीतून उठताना हातात काय असावंसं वाटतं? आणि मग सगळ्यात अवघड भाग: जे मिळणार नाही ते तोंडानं, स्पष्ट शब्दांत सांगायचं. "फोटो गेले, ते परत येणार नाहीत." त्यानंतर त्यांनाच विचारायचं, "बैठकीत काय होईल असं वाटतं तुम्हाला?" त्यांच्या उत्तरात तुमच्याच शब्दांचा भलता अर्थ ऐकू आला, की समजा बैठक वाचली.

या भेटीनंतर काहीजण नको म्हणतात. म्हणू द्या. कुणी पत्र पाठवतं, कुणी आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवतं, कुणाला फक्त पुढे काय झालं ते कळलं तरी पुरतं. "मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे हो" हे वाक्य चुकूनही तोंडी येऊ देऊ नका. ती विनंती वाटते, पण असते जबरदस्ती.

या क्षेत्राची जन्मकथा तुम्ही ऐकली असेलच. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली, आणि मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्यानं सुचवलं की त्यांनी प्रत्येकाच्या दारी जाऊन भेटावं. न्यायाधीशांनी ते मानलं, दोघं खरंच दारोदार गेले. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि मला वाटतं तिनंच माझं नुकसान केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, दार वाजवलं की काम झालं. दार उघडणाऱ्याच्या पोटात काय झालं असेल, हा प्रश्न मला कित्येक वर्षांनी सुचला.

शॉर्टकटांबद्दल माझी मतं कडवट आहेत. माफीपत्राचा छापील नमुना सरळ फाडून टाका. सगळी पत्रं एकसारखी येतात आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याची कल्पना दर वर्षी कुणीतरी नव्या उत्साहानं मांडतं. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना दरडावून घेण्याचा प्रयोग गाजला होता. पुढे अशा कार्यक्रमांच्या नीट तुलना झाल्या. सहलीला गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं त्यात दिसलं. तरी वरिष्ठांना ही कल्पना आवडते, कारण फोटो छान येतात.

मेंटरचंही, म्हणजे मुलाला सोबत द्यायला नेमलेल्या मोठ्या माणसाचंही, तसंच. "मीही असाच होतो, बघ आज कुठे पोचलो" म्हणणारे भाषणवाले मेंटर मी टाळते. माझा सगळ्यात चांगला मेंटर सायकल दुरुस्त करणारा एक अबोल माणूस होता. दर शनिवारी ठरल्या वेळी यायचा. मुलगा तीन शनिवार आला नाही, हा तिन्ही वेळा येऊन तासभर बसून गेला. चौथ्या शनिवारी मुलगा आला.

करारात मुलाला समाजसेवेचे तास देताना बघा, त्या कामाची कुणी वाट पाहतंय का. चारचौघांत झाडू मारायला लावणं ही शिक्षाच, नाव काहीही द्या. मोडलेली बाकं नीट करून ज्या वर्गात बसायला जागा नाही तिथे पोचवणं वेगळं. आणि शाळेच्या वेळेवर आदळतील असे तास लिहूच नका. मग करार मोडतो आणि दोष मुलाच्या माथी येतो. किरकोळ खोड्यांचे रेफरल आले तर परत पाठवायला शिका. एरवी घरीच मिटलं असतं त्यासाठी मुलाच्या नावाची फाइल का उघडायची?

मला फार उशिरा जमलेली गोष्ट म्हणजे खोलीबाहेर जाणं. न्यूझीलंडनं १९८९च्या कायद्यानं कौटुंबिक परिषदेची पद्धत आणली. त्यात एक टप्पा असतो: अधिकारी बाहेर जातात आणि पुढे काय करायचं ते कुटुंब आपापसात ठरवतं. मी बाहेर उभी राहून आतला आवाज चढला की दार ढकलायची. एकदा एका आजींनी मला हातानंच थांबवलं, "बाई, आम्ही भांडतोय, पण आमचं आम्ही." त्या घरानं आखलेली योजना माझ्या योजनेपेक्षा कडक निघाली, आणि शेवटपर्यंत पाळलीही गेली.

गुप्ततेबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेनं २००२ साली मान्य केलेली रिस्टोरेटिव्ह जस्टिसची तत्त्वं सांगतात की बैठकीत भाग घेतला म्हणजे गुन्हा कबूल केला, असा पुरावा पुढे न्यायालयात वापरायचा नाही. तुमच्याकडचा नियम काय आहे ते पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्या. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात मुलाचा पाठमोरा फोटोसुद्धा नको. गल्लीतली माणसं चालीवरून ओळखतात.

इतकं वाचून घाबरला असाल तर थोडा धीरही देते. गप्प बसलेला मुलगा निर्ढावलेलाच असतो असं नाही. बरेचदा त्याला शब्द सापडत नसतात. तुम्हालाही सापडणार नाहीत. बैठकीतली शांतता तुम्हाला तासाभराची वाटेल, घड्याळात मिनिटही झालेलं नसेल. ती भरू नका. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करावं लागेल, कारण लोक तेव्हाच मोकळे असतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि डिग्री कोणत्या विषयाची आहे याची काळजी सोडा. आमच्याकडे उत्तम काम करणारी एकजण ग्रंथालयातून आली होती.

पहिल्या आठवड्यात जुन्या बंद फाइली मागून घ्या आणि प्रत्येक फाइलीत ज्याचं नुकसान झालं त्याला किती वेळा भेटले तेवढंच मोजा. त्या पेन ड्राइव्हनंतर मी या कामावर यायच्या आधीच्या बारा फाइली काढल्या होत्या. नऊ फाइलींत एकेक फोन, दोनांत तोही नाही. बाराव्या फाइलीत तीन भेटींच्या नोंदी होत्या, बारीक अक्षरात, आणि शेवटच्या नोंदीत लिहिलं होतं: "बैठक नको म्हणाल्या. मुलाला कळवलं. रडला." खालची सही ज्यांची होती त्यांचा नंबर मी त्याच दिवशी शोधून काढला. अजूनही अवघड केस आली की त्यांनाच विचारते.