कार्डावरचा राग आणि घरातला राग

ऑटिझम असलेल्या मुलांना भावना ओळखायला शिकवतात त्या कार्डांवर राग म्हणजे लाल तोंड आणि आक्रसलेल्या भुवया. घरात राग असा क्वचितच दिसतो. भांडी आपटली जातात, नाहीतर ‘काही नाही झालं’ असं तुटक उत्तर येतं. ऑटिझम असलेलं मूल कार्ड अचूक ओळखतं आणि स्वयंपाकघरात चुकतं, ते यामुळेच.

म्हणून घरच्यांचेच व्हिडिओ घ्या, त्यांना विचारून. पाच ते दहा सेकंदांचे. एका भावनेचे निदान तीन, वेगवेगळ्या माणसांचे. नाहीतर मूल ‘आजीचा चष्मा म्हणजे खूश’ असं काहीतरी धरून बसतं. पहिल्या आठवड्यात दोनच भावना: खूश आणि वैताग. रोज दहा मिनिटं पुरे. आधी आवाज बंद ठेवून दाखवा, मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकवा, मग दोन्ही एकत्र. मुलाला कुठली वाट सोपी जाते ते इथेच कळतं.

‘डोळ्यांत बघ’ म्हणू नका. अनेकांना त्याचा त्रास होतो आणि सगळं लक्ष तो त्रास सोसण्यातच जातं. खांदे, हात, चालण्याचा वेग यांवरूनही बरंच कळतं.

भावनेचं नाव सांगता आलं की कारण विचारा. बाबा गप्प का? लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभं राहून आले. कारणाशी जोडलं नाही तर ते पाठांतरच राहतं.

मग घराबाहेर: ठाण्यातल्या तलावाकाठी, तलावपाळीला. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गर्दी आणि हॉर्नमध्ये काही सुचत नाही. कट्ट्यावर पंधरा मिनिटं बसा, बोट न दाखवता हळूच विचारा: ते दोघं भांडताहेत की नुसतं मोठ्याने बोलताहेत? कशावरून? ‘माहीत नाही’ हेही बरोबर उत्तर धरा.

तरीही गाडी अडली तर मुलाला स्वतःच्या भावना कळतात का ते पाहा. त्या न कळण्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. तो म्हणजे ऑटिझम नव्हे, पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांत आढळतो आणि इतरांचे चेहरे वाचणंही त्याने अवघड होतं. अशा वेळी व्हिडिओ बाजूला ठेवून शरीरापासून सुरुवात करा: पोटात गोळा आलाय? कान गरम झालेत? मुठी आवळल्यात?

आणि सगळा भार मुलावर नको. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं की न कळणं ऑटिस्टिक माणसं आणि बाकीचे, अशा दोन्ही बाजूंनी असतं. तेव्हा टोमणा न मारता सरळ सांगा: ‘मी वैतागलेय, तुझ्यावर नाही, पाणी गेलंय म्हणून. दहा मिनिटांनी बोलू.’