कुझ्नेत्सोव्ह हे आडनाव कसं उलगडायचं

मी रशियन कागदपत्रांची भाषांतरं करते. आडनाव समोर आलं की आधी त्याचं शेपूट सुटं करते. कुझ्नेत्सोव्हमधलं 'ओव्ह' म्हणजे 'चा'. उरतो 'कुझ्नेत्स', म्हणजे लोहार. लोहाराचा कोण? मुलगा! मूळ नाव आकारान्त असेल तर शेपूट 'इन' होतं: इवानचा इवानोव्ह, पण निकिताचा निकितिन.

मग धातू शोधा. 'कुझ्नेत्स'च्या मुळाशी 'कवात्' आहे, म्हणजे लोखंड ठोकून घडवणं. ऐरणीला 'नकवाल्न्या' म्हणतात, घोड्याच्या नालाला 'पदकोवा'. हा 'कव' किंवा 'कोव' एकदा कानात बसला की आडनावाची भावंडं ओळखू येतात. दक्षिणेकडच्या बोलींत लोहार म्हणजे 'कवाल', त्यावरून कवाल्योव्ह. युक्रेनमध्ये कोवालेन्को, कोवालचूक, पोलंडमध्ये कोवाल्स्की. मला हा भाग फार आवडतो. अख्ख्या प्रदेशातल्या भट्ट्या एका अक्षरजोडीत पेटलेल्या दिसतात.

आडनाव एक म्हणून नातं मात्र जोडू नका. लोहार गावोगाव होते, आपल्याकडच्या लोहारांसारखेच. १८६१ मध्ये रशियात भूदासप्रथा, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी प्रथा, संपली, त्यानंतर कितीतरी शेतकरी कुटुंबांचं आडनाव पहिल्यांदा कागदावर आलं. म्हणून वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रोमन लिपीत शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. फ्रेंच पद्धतीत सुरुवात 'के-ओ-यू'ने होते, जर्मनमध्ये शेवट 'ओ-डब्ल्यू'ने. रशियन छपाईत 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके बहुधा गाळतात, त्यामुळे कवाल्योव्हचा 'कोवालेव्ह' होतो. आपला गोर्बाचेव्ह तसाच झाला. मूळ उच्चार 'गर्बाचोफ'च्या जवळचा.

आणि विभक्ती बघा, इथे मी स्वतः फसले आहे. सुरुवातीच्या काळात एका जन्मदाखल्यावर 'कुझ्नेत्सोवा इवाना' अशा धर्तीचं नाव होतं. बायकांचं आडनाव असतं तसं आकारान्त दिसलं, म्हणून मी मुलगी लिहिलं. होता मुलगा! दाखला 'कुझ्नेत्सोव्ह इवानचा' होता, आणि षष्ठीत पुरुषाचं आडनावही 'कुझ्नेत्सोवा' होतं. बाईचं असतं तर षष्ठीत 'कुझ्नेत्सोवोय' झालं असतं. तेव्हापासून मी आडनावाआधी पितृनाम, म्हणजे वडिलांच्या नावावरून बनलेलं नाव, वाचते. 'पेत्रोविचा' असेल तर पुरुष, 'पेत्रोव्ना' किंवा 'पेत्रोव्नी' असेल तर बाई. मगच मराठीत 'चा' की 'ची' ते लिहिते.